नऊ गटांची निलोफर

आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला सदतीस पोरंपोरी आहेत. पोर्टलवर पंचेचाळीस दिसतात. हा आठाचा फरक म्हणजे निलोफर तांबोळी, आणि तो फरक माझ्या हातून झालेला आहे, तेव्हा सांगायचंही मलाच आलं.

मी भागवत, कनिष्ठ लिपिक. कॉलेज नळदुर्गच्या बाहेर, हायवेला लागून. कार्यालयाच्या एका खिडकीतून हैदराबादकडं जाणारे ट्रक दिसतात, दुसरीतून माणसं. अकरा वर्षं त्या दुसऱ्या खिडकीशी बसल्यावर माणूस कशाला आलाय हे त्यानं तोंड उघडायच्या आधी कळतं. लांबूनच नमस्कार घातला तर दाखल्यावर मागची तारीख हवी असते. "सर, जेवलात का?" असं विचारलं तर हजेरी कमी भरलेली असते. निलोफर तीन वर्षांत चार वेळा खिडकीशी आली आणि चारही वेळा तिचे कागद पुरे होते. अशा विद्यार्थ्याची कार्यालयाला जरा भीतीच वाटते. त्याच्या कामात चूक निघाली तर ती आपलीच असणार हे ठरलेलं असतं.

जानेवारीत शामला मॅडम पुण्याहून पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या. मॅडम वनस्पतिशास्त्राच्या, तुळजापूरच्या जुन्या घरातल्या, मनानं सरळ. काही नवं शिकून आल्या की महिनाभर त्यांचा आवाज अर्धी पट्टी वर असतो. या वेळी त्यांनी एक पुस्तिका आणली होती. वर्गाचे पाच-पाच जणांचे गट पाडायचे. गटात वेगवेगळ्या धर्मांची, घरांची पोरं घालायची. विषयाचे तुकडे करून एकेकाला एकेक द्यायचा. ज्याला जो तुकडा आला तो त्यानं शिकायचा आणि बाकी चौघांना शिकवायचा. कुणा एकाचं अडलं की सगळ्यांचं अडतं, म्हणून एकमेकांना धरून राहावं लागतं, आणि धरून राहता राहता माणसं एकमेकांची होतात. विषय होता, "आपले शेजारी, त्यांचा धर्म". मार्क सगळ्या गटाला सारखे. दोन क्रेडिट, आणि ते पुरे झाल्याशिवाय सहाव्या सत्राचा निकाल लागणार नाही.

कल्पना चांगली होती. मी चेष्टेनं म्हणत नाही. अडचण एवढीच की पोर्टलला प्रत्येक गटात किमान एक "अन्य धर्मीय" हवा होता. पहिल्या वर्षाला आमच्याकडं असे आठ जण होते. त्यातले तिघं सोलापूरला गेले, दोघं पुण्याला कंपनीत लागले, दोघींची लग्नं झाली. उरली एक. पोर्टलनं पहिल्या वर्षाच्या पटावरून गट पाडले होते नऊ, आणि माहिती भरायची मुदत त्या दिवशी पाच वाजेपर्यंत. मी प्राचार्य बिराजदार सरांकडं गेलो. त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "भरून टाका भागवत, नंतर बघू." आमच्या कॉलेजच्या अर्ध्या इमारती या वाक्यावर उभ्या आहेत.

मी पहिल्या गटात निलोफरचं नाव घातलं. मग दुसऱ्या गटात घालून बघितलं. पोर्टलनं घेतलं. हल्ली माझ्या आडनावात एक काना जास्त पडला तरी ते पोर्टल मला दारात उभं करत नाही. पण एकच पोरगी नऊ ठिकाणी बसवली तेव्हा त्यानं हिरवी खूण दाखवली. पाचला चार मिनिटं असताना गट कुलूपबंद झाले.

मला वाटलं, काही होणार नाही. माझ्या हिशेबात मी फक्त नावं धरली होती, दुपारी धरल्या नव्हत्या. गट आठवड्यातून दोनदा, तीन ते साडेचार बसायचे. निलोफरला सगळीकडं थोडं थोडं जावं लागायचं. आणि प्रत्येक गटाकडं मॅडमनी दिलेला वीस प्रश्नांचा तोच छापील कागद होता. सण कोणते? खाण्यापिण्याचे नियम कोणते? लग्न कसं होतं? मयत कशी होते? हे तिला एका गटात विचारलं की दुसऱ्यात, मग तिसऱ्यात.

पहिल्या आठवड्यात तिनं नीट, पुरं सांगितलं. नळदुर्गची पोरगी, बाप हायवेवर पंक्चरचं दुकान चालवतो, घरी दखनी बोलतात, कॉलेजात आपल्यापेक्षा चांगलं मराठी. तिसऱ्या गटापर्यंत उत्तरं आखूड झाली. पाचव्या गटात कुणीतरी विचारलं, "तुमच्यात लग्न कसं होतं?" ती म्हणाली, "माझं अजून झालं न्हाय. झालं की सांगते." गटानं ते तसंच लिहून घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात गुरुवारवरून भांडण झालं. दोन गटांना ती एकाच वेळी हवी होती. व्हरांड्यात एका गटानं तिची वही धरली, दुसऱ्यानं पिशवी. वाद मिटवला वरदनं. वरद तुळजापूरचा, पुजाऱ्यांच्या घरातला, गोड बोलून काम काढण्याची त्याच्या घरात सात पिढ्यांची सवय. तो म्हणाला, आपल्या खंडोबाचं कसं आहे? देव एक आणि गावं दोन, अणदूर आणि नळदुर्ग. काही महिने इथं, बाकीचे तिथं. न्यायला येतात तेव्हा दोन्हीकडचे मानकरी बसतात, लेखी करार होतो, मग देव हलतो. इतकी वर्षं चाललंय, कधी ओढाताण झाली का? आपणही तसंच करू.

पोरांना ते एकदम पटलं. आमच्या भागात कुठलीही वस्तू दोघांची झाली की करार आठवतोच. शाळेतली घंटा, विहिरीची पाळी, सगळ्याला तेच. वरद मजकूर सांगत गेला आणि मी टाइप केला. "सदर विद्यार्थिनी खालील तारखांस खालील गटाकडे राहील. मुदत संपताच पुढील गटाच्या ताब्यात देण्यात यावी. ताबा घेतल्यावाचून कोणत्याही गटास तिच्यावर हक्क सांगता येणार नाही." त्यासाठी एक लांब रजिस्टर आखलं. रकाने पाच: तारीख, ताबा देणार, ताबा घेणार, साक्षीदार, परत दिल्याची तारीख. साक्षीदार मी, कारण खिडकी माझी.

निलोफर तिथंच उभी होती. सगळे हसत होते, तीही हसली. म्हणाली, "मला देव करू नका हं, आमच्यात चालत न्हाय." वरद म्हणाला, "अगं, हा मान आहे." ती म्हणाली, "मान देवाला असतो. पालखी उचलायला खांदे मोजून लागतात, तशी मी लागते." मग सगळे अजून हसले आणि नवव्या गटातल्या ज्ञानेश्वरीनं मात्र खाली बघितलं.

ज्ञानेश्वरीचं सांगायला हवं. ती परांडा तालुक्यातल्या सोनारीची, घरचं मेंढरांचं काम, इथं मामाकडं राहून शिकते. वर्गात तिचा आवाज मी फक्त हजेरीला ऐकलेला. तिच्या गटाकडं निलोफर जायची तेव्हा छापील कागद बाहेर निघायचाच नाही. ज्ञानेश्वरी कार्बनी रसायनाची वही उघडायची आणि म्हणायची, हे कळंना, सांग. निलोफर सांगायची. त्याच बाकावर डबे उघडायचे. मी हे पाणी प्यायला जाताना बघितलंय. त्या गटाचा अहवालाचा कागद शेवटपर्यंत कोरा राहिला, आणि सगळे अहवाल टाइप करणारा मी असल्यामुळं मला त्याचा राग होता.

बाकीचे अहवाल मात्र भरभरून येत होते. मी टाइप करताना एकदा थांबलो. चौथ्या गटानं लिहिलं होतं, "मुस्लिम धर्मात वांगी निषिद्ध आहेत." पुढं सातव्या गटात, "मुस्लिम बांधव बुधवारी टायरला हात लावत नाहीत." दुसऱ्या गटाच्या मते प्रत्येक मुस्लिम घरात एक मांजर ठेवण्याची प्रथा होती, बहुधा पांढरं.

मी तिला बोलावून विचारलं. तिनं शांतपणे सांगितलं, तिच्या धाकट्या भावाला वांग्यानं अंगाला खाज येते म्हणून घरी करत नाहीत. अब्बा बुधवारी माल आणायला सोलापूरला जातात म्हणून दुकान बंद. आणि मांजर आहे, पांढरं. "त्यांनी विचारलं, तुमच्यात काय असतं? म्या आमच्यात काय असतं ते सांगितलं."

"मग दुरुस्त करायला सांगू का?"

"सांगा की. पण मग परत वीस प्रश्न विचारतील."

मी दुरुस्त केलं नाही. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. दिवसभर दुसऱ्याच्या चुका निस्तरणाऱ्या माणसाला दुसऱ्याची चूक नुसती बघत बसायला मिळाली तर तो सोडत नाही.

तिनं मात्र त्या दिवशी जाता जाता एक गोष्ट विचारली. तिचं नाव आठ गटांतून काढता येईल का? एकोणीस एप्रिलला एम.एस्सी.ची विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती, संभाजीनगरला. रसायनशास्त्राच्या जागा मोजक्या. घरात तिच्या आधी कुणी बारावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. अब्बांनी सांगितलं होतं, लागला नंबर तर पाठवतो, फी माझ्याकडं लागली. पण नंबर लागायला अभ्यास लागतो आणि तिच्या दुपारी नऊ गटांत वाटलेल्या होत्या. सकाळी तास, दुपारी ताबा, संध्याकाळी घरी गेलं की भावांच्या शिकवण्या आणि भाकरी.

मी तिच्यासमोर पोर्टल उघडून दाखवलं. कुलूप होतं. मी मॅडमकडं गेलो. मॅडमना खरंच वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, एक नाव काढलं तर त्या गटातल्या चौघांचं क्रेडिट जातं, आठ गट म्हणजे बत्तीस मुलं, आणि ती मुलं अडली की निलोफरचंही अडतं. मग त्यांनी निलोफरला जवळ बसवून समजावलं की आपण हे सगळं एकमेकांना समजून घेण्यासाठी करतोय, सहिष्णुता अशी एका दिवसात येत नाही. निलोफर म्हणाली, "व्हय मॅडम. मला तर दोन महिने झाले." मॅडमना ते कळलं नाही. किंवा कळलं आणि पुढं काय करायचं ते कळलं नाही. प्राचार्यांनी तिला आपल्या कॉलेजची शान म्हटलं आणि बेल वाजवून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

सुटायची एकच वाट राहिली, अठरा एप्रिल. त्या दिवशी वरची समिती येणार होती, सादरीकरण बघून क्रेडिट देणार होती. सकाळी अकरा ते बारा. साडेबाराला निलोफरनं तुळजापूरची गाडी धरली की रात्रीपर्यंत संभाजीनगर, तिथं खालाचं, म्हणजे मावशीचं, घर, सकाळी पेपर. मी तिला तेवढं वेळापत्रक कागदावर काढून दिलं. तेवढंच मला करता येत होतं, आणि ते करताना मला आपण फार काही केल्यासारखं वाटत होतं.

पंधरा तारखेला पत्र आलं. समितीची भेट अठराऐवजी एकोणीसला.

प्राचार्यांनी मला पत्र नोटीस बोर्डावर लावायला सांगितलं. मी टाचण्या शोधण्यात बराच वेळ घालवला.

दुपारपर्यंत छत्तीसच्या छत्तीस पोरांना कळलं की निलोफरचा त्याच दिवशी पेपर आहे. आधी सगळे हळहळले. मग एकेक जण हिशेब करायला लागला. मी खिडकीतून बघत होतो. माणूस हिशेब करायला लागला की त्याची नजर जरा वर जाते, भिंत आणि छत मिळतं तिथं. आधी वरदची गेली. त्याला मेमध्ये एका कंपनीत मुलाखत होती, निकाल हवा होता. कुणाला बी.एड., कुणाच्या घरी निकालानंतरचं लग्न ठरवून ठेवलेलं. कुणीच वाईट नव्हतं. प्रत्येकाची अडचण खरी होती आणि प्रत्येकाची अडचण एकाच पोरीच्या अंगावर येऊन थांबत होती.

दोन दिवस ते तिच्या मागं होते. कुणी ओरडलं नाही. कुणी डबा आणून दिला, कुणी नोट्सच्या झेरॉक्स. एकीनं पुढच्या वर्षीही प्रवेश परीक्षा असते असं सांगितलं. वरद म्हणाला, त्याचे काका गाडी देतील, एकोणीसला बारा वाजता निघू, तीनशे किलोमीटर काय असतं. पेपर सकाळी दहाला होता. निलोफर सगळ्यांना ऐकून घ्यायची. तिच्याभोवती नेहमी सातआठ जण असायचे, आणि तिला व्हरांड्यातून पाण्याच्या टाकीपर्यंत जायला पाच मिनिटं लागायची, कारण दर दोन पावलांवर कुणीतरी प्रेमानं आडवं यायचं.

सतराला मॅडमनी सादरीकरणाचं वेळापत्रक आणून दिलं. नऊ गट, नऊ खोल्या, वेळ सगळ्यांना अकरा ते बारा, कारण समितीला पुढं उमरग्याला जायचं होतं. मी बोटं मोजली आणि मॅडमना विचारलं, निलोफर एकाच वेळी नऊ खोल्यांत कशी बसणार? मॅडमनी ते धरलंच नव्हतं. थोडा विचार करून म्हणाल्या, पाच-पाच मिनिटं बसेल प्रत्येक ठिकाणी. पंचेचाळीस मिनिटं झाली, उरलेली पंधरा जिने चढण्याउतरण्याला. "आणि हजेरी तुम्ही नऊ ठिकाणी लावालच," त्या म्हणाल्या, "आत्तापर्यंत लावताच आहात."

ते खरं होतं. दर आठवड्याला मी तिला नऊ गटांत हजर दाखवत होतो. ती असायची दोनतीनमध्ये.

अठराला सकाळी साडेदहाला निलोफर खिडकीशी आली. पाचवी वेळ. खांद्याला प्रवासाची पिशवी. मागं व्हरांड्यात वरद आणि आठदहा जण, जरा अंतर ठेवून. ज्ञानेश्वरी दाराशी उभी.

"सर, ताब्याचं रजिस्टर द्या."

मी दिलं. तिनं शेवटची नोंद काढली. त्या आठवड्यात ती नवव्या गटाकडं होती. तिनं माझंच पेन उचललं, नवी ओळ धरली आणि तारीख घातली. ताबा देणार, गट क्रमांक नऊ. तिथं ज्ञानेश्वरीनं पुढं येऊन सही केली. तिला काय करायचंय हे आधीच माहीत असावं, कारण तिनं वाचलंसुद्धा नाही. मग ताबा घेणार या रकान्यात निलोफरनं लिहिलं, निलोफर तांबोळी. आणि सही केली.

रजिस्टर फिरवून माझ्यापुढं ठेवलं. "साक्षीदार राहिला."

वरद पुढं आला. म्हणाला, "असं कसं? तू गट न्हाईस."

"करारात गटच पाहिजे असं लिहिलंय का? सर, काढा तो."

मी करार काढला. वरदनं वाचला, दोनदा. मजकूर त्याचाच होता आणि चांगला बांधलेला होता. ताबा घेतल्यावाचून कोणत्याही गटास तिच्यावर हक्क सांगता येणार नाही. रजिस्टर उलटून बघितलं तर पुढच्या ओळीत अजून कुणाचंच नाव नव्हतं.

"अगं, पण आमच्या मार्कांचं काय?" वरद म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज गोड नव्हता, खरा होता. "छत्तीस जण आहेत."

"मला ठाऊक आहे. नऊ चोक छत्तीस. दोन महिने तेच मोजतेय." मग ती माझ्याकडं वळली. "सर, उद्या मी इथं थांबले तरी एका वेळी एकाच खोलीत असणार. बाकी आठ ठिकाणी तुम्ही खोटी हजेरी लावणार. लावणार ना?"

मी शिक्क्याची डबी उगाच उघडली.

"आठ खोट्या चालतात, तर माझा पेपर नवव्यासाठी का बुडवायचा? एवढंच सांगा, मग मी पिशवी खाली ठेवते."

मी अकरा वर्षं आकडे लिहितोय. हा हिशेब मला कुणी मांडून दाखवला नव्हता आणि मी स्वतः मांडला नव्हता, कारण मांडला असता तर उत्तर आलं असतं.

सही करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मला माझी चुलती आठवली, धुरपताबाई. आमचं गाव सास्तूर. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये होतो तेव्हा रोज जीपगाड्या यायच्या, वह्या घेऊन. घरातले किती गेले? नावं काय? वय काय? त्या रात्री काय केलं होतं जेवायला? प्रत्येक जीपला सगळं पहिल्यापासून हवं असायचं. माणसं चांगली होती, मदतीलाच आलेली. चुलती प्रत्येकाला सांगायची. मग एक दिवस एका जीपला ती म्हणाली, "आमच्यातलं कुणी गेलं न्हाय." त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या शेडकडं गेले. त्या दुपारी चुलती पहिल्यांदा झोपली.

मी सही केली. तारीख, वेळ, कार्यालयाचा शिक्का. शिक्क्याची गरज नव्हती, पण मारला.

निलोफर बाहेर पडली तेव्हा व्हरांड्यातले बाजूला झाले. सगळे एकदम नाही, एकेक करून, जसा ज्याचा त्याला विचार झाला तसा. वरद शेवटी झाला. तो म्हणाला, "ऑल द बेस्ट तरी घेऊन जा." ती म्हणाली, "घेतलं."

एकोणीसला समिती आली. दोन गृहस्थ आणि एक बाई. पहिल्या खोलीत तक्त्यावर चंद्र आणि तारा होता, दुसऱ्या खोलीत मांजर. चौथ्या खोलीत वांग्याचं निघालं तेव्हा त्यातल्या एका गृहस्थांनी भुवया उंचावल्या, पण लिहून घेतलं. प्रत्येक खोलीत त्यांनी विचारलं, या गटातली निलोफर तांबोळी कुठं आहे? पहिल्या गटानं सांगितलं, दुसऱ्या खोलीत असेल. दुसऱ्यानं सांगितलं, तिसऱ्या. ती गेलीय हे सगळ्यांना माहीत होतं, पण ठरवून कुणी खोटं बोलत नव्हतं. दोन महिने तेच उत्तर तोंडात बसलं होतं. पाचव्या खोलीनंतर गृहस्थांनी विचारायचं सोडलं.

नवव्या खोलीत तक्ता नव्हता. बाईंनी विचारलं, तुम्ही मुस्लिम धर्माबद्दल काय शिकलात? ज्ञानेश्वरी उभी राहिली. मी दाराशी होतो, पाण्याच्या बाटल्या घेऊन.

"धर्माचं मला सांगता यायचं न्हाय मॅडम," ती म्हणाली. "निलोफरचं सांगते. तिच्या भावाला वांग्याची खाज येते. ते धर्मात न्हाय, त्यांच्या घरात हाय. रोज्यात तिला तीन वाजता डोळ्याला अंधारी यायची, तेव्हा आमी तिला प्रश्न विचारायचं बंद केलं. तवा ती आमाला शिकवायची, कारण शिकवताना भूक कळत न्हाय म्हणायची. माझा मागचा पेपर तिच्यामुळं निघाला. आज तिचा स्वतःचा पेपर हाय, म्हणून ती न्हाय. बाकीच्या आठ गटांत बी ती तीच हाय."

बाईंनी हळूच पेन ठेवलं. शामला मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या कुणाकडंच बघत नव्हत्या. मग त्याच पुढं झाल्या आणि समितीला म्हणाल्या की हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. प्राचार्यांनी खोकून विषय चहाकडं नेला. पण तोवर गृहस्थांनी रजिस्टर मागवलं होतं.

त्यांनी ते पहिल्या पानापासून वाचलं. ताबा दिला, ताबा घेतला, ताबा दिला. दोन महिन्यांचं. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मला विचारलं, हा शिक्का कुणाचा? मी म्हटलं, कार्यालयाचा. आणि ही सही? माझी. आणि पोर्टलवर हे नाव नऊ वेळा कुणी घातलं? तेही माझंच.

तेवीसला मला लेखी खुलासा मागणारं पत्र मिळालं, सात दिवसांची मुदत. छत्तीस जणांचे मार्क "प्रलंबित" असे दिसतात. निलोफरचे नऊ ठिकाणी प्रलंबित दिसतात. पोर्टल दुरुस्तीला उघडायचा अधिकार वरच्यांना, वरचे खुलाशाची वाट बघणार, आणि खुलासा मी लिहायचा. तीन दिवस लिहितोय. "नजरचुकीने" असं सुरू केलं आणि खोडलं. नजर चुकली नव्हती. मी बघून केलं होतं.

निलोफर सोमवारी प्रात्यक्षिकाला आली. पेपर कसा गेला हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पोरीच्या चालण्यावरून काही कळत नव्हतं आणि असं माझं क्वचित होतं. निकाल जूनमध्ये. तोवर तिला नंबर लागला का हे कळणार नाही, आणि लागला तरी प्रलंबित मार्कांवर प्रवेश मिळतो का हे मलाच शोधावं लागेल. मी नियमांचं पुस्तक खाली काढून ठेवलंय.

काल दुपारी वरद खिडकीशी आला. "सर, जेवलात का?"

मी म्हटलं, "बोल."

त्याला रजिस्टर हवं होतं. खुलाशाबरोबर जोडायचं तर ते पुरं असावं असं त्याचं म्हणणं. शेवटच्या ओळीत परत दिल्याची तारीख रिकामी होती. निलोफर तर सोमवारपासून कॉलेजात आहे, मग सोमवारची तारीख घालून टाकू, कागद बंद होईल, सगळ्यांचंच सुटेल. पेन त्यानं आणलेलंच होतं.

मी रजिस्टर काढून त्याच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, "ताबा कुणाकडं आहे बघ. परत द्यायचा तर तिनं द्यायचा. विचारून ये."

तो व्हरांड्यापलीकडच्या प्रयोगशाळेकडं गेला. मी खिडकीतून बघत होतो. निलोफर आणि ज्ञानेश्वरी एका ब्युरेटपाशी उभ्या होत्या, एक थेंब सोडत होती, दुसरी बघत होती. वरद दाराशी थांबला. बराच वेळ थांबला. मग आत गेला, पेन खिशात घातलं आणि तिसरं स्टूल ओढून बसला. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. निलोफरनं वही त्याच्याकडं सरकवली.

रकाना अजून रिकामा आहे. खुलाशाला चार दिवस राहिलेत.